त्रुटीचा हिशेब

वाशीम शहरांत मध्यमेश्वराचें देऊळ आहे. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी जी मध्यरेषा आपल्या ज्योतिर्विदांनीं कालगणनेसाठीं मानली होती, ती या स्थानावरून जाते, अशी तेथील परंपरा सांगते. आधुनिक नकाशा समोर ठेवला तर उज्जयिनी आणि वाशीम यांच्या रेखांशांत सव्वा अंशाहून कांहींसें अधिक अंतर पडतें; तेव्हां परंपरा आणि नकाशा यांचा मेळ तंतोतंत बसत नाहीं. परंतु वाकाटकांच्या या जुन्या वत्सगुल्म नगरीला काळ मोजण्याच्या विद्येशीं आपलें नातें जोडावेंसें वाटलें, ही गोष्ट आम्हांस तरी मोठी गोड वाटते.

त्याच विद्येंतील एक माप आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत काळाचे जे सूक्ष्म विभाग सांगितले आहेत, त्यांत निमेषाच्या तिसाव्या भागास तत्पर आणि तत्पराच्या शतांशास त्रुटि असें नांव आहे. त्या कोष्टकाप्रमाणें गुणाकार करीत गेलें म्हणजे एका अहोरात्रांत दोनशें एक्याण्णव कोटि साठ लक्ष त्रुटि भरतात. अर्थात् एक त्रुटि म्हणजे सेकंदाचा ३३,७५० वा भाग. ग्रंथ इ. स. ११५० चा. इतकें सूक्ष्म माप प्रत्यक्ष मोजण्याचें साधन त्या काळीं कोणापाशींही नव्हतें. गणिताच्या पूर्णतेसाठीं तें सांगून ठेवलें, आणि पुढें शतकानुशतकें तें पोथींत पडून राहिलें.

आज ज्या घरांत एखादा साधा संगणक मेजावर आहे, त्या घरांत एका त्रुटीच्या अवधींत जवळजवळ चार वेळां एक काम न चुकतां व्हावें लागतें. तें काम उशिरां झालें, किंवा त्याच्या आगेमागेचीं दुसरीं कामें घाईनें उरकलीं, म्हणजे यंत्रांत दोष शिरतो; आणि दोषालाही आपण मराठींत त्रुटिच म्हणतों. शब्दाचे हे दोन अर्थ एकत्र कसे येतात, आणि घरच्या माणसानें आपल्या हातानें यंत्राची घाई कमी करून तो दोष कसा टाळावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. विषय यंत्राचा दिसतो म्हणून कोणीं पान उलटूं नये. जुने कागद, मुलांचा अभ्यास, शेताचा जमाखर्च, लग्नमुंजींचीं छायाचित्रें हें सारें आतां त्याच यंत्राच्या स्वाधीन झालें आहे.

संगणकाची तात्कालिक स्मृति, जिला बाजारांत सर्वजण 'रॅम' म्हणतात, ती एका बोटभर रुंदीच्या पट्टीवर बसविलेल्या चिपांची असते. चिपेंत अतिसूक्ष्म विद्युत्पात्रें असतात. पात्र भरलेलें असलें म्हणजे एक, रिकामें असलें म्हणजे शून्य. एवढ्या दोन अक्षरांत सारें लिहावयाचें. आठ जी. बी. च्या एका पट्टींत अशीं पात्रें सहा हजार आठशें कोटींहून अधिक असतात. ही युक्ति अमेरिकेंतील आय्. बी. एम्. कंपनीचे रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचें पेटंट १९६८ सालचें आहे. त्यापूर्वींच्या यंत्रांत चुंबकीय कड्यांची स्मृति असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकांत अशाच कड्या होत्या, आणि तींत ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे सगळ्या मिळून कड्या ८१,९२० च. तेवढ्या सामग्रीवर त्या काळच्या शास्त्रज्ञांनीं केवढालीं गणितें सोडविलीं असतील, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. वीज गेली तरी कडीतील अक्षर टिकत असे. डेनार्ड यांच्या पात्रांतील टिकत नाहीं. कारण तीं पात्रें गळतात.

वऱ्हाडांत वैशाखाच्या दिवसांत ओसरीवर ठेवलेला मातीचा रांजण ज्यांनीं भरला आहे, त्यांना हें अधिक समजावून सांगावयास नको. रात्रीं कांठोकांठ भरावा, सकाळीं चार बोटें पाणी उतरलेलें असावें. विद्युत्पात्रांचेंही तसेंच आहे, आणि हवा तापली म्हणजे त्यांचेंही झिरपणें वाढतें. म्हणून असा नियम ठरलेला आहे कीं, प्रत्येक पात्र ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सुमारें सोळाव्या भागांत, एकदां तरी वाचून पुन्हां भरलें गेलें पाहिजे. सगळीं पात्रें एकदम भरतां येत नाहींत, म्हणून या कामाचे ८,१९२ हप्ते पाडतात. दर हप्त्याला ७.८ मायक्रोसेकंद मिळतात. भास्कराचार्यांची त्रुटि २९.६ मायक्रोसेकंदांची, तींत असे जवळजवळ चार हप्ते होतात. वर सांगितलें तें काम हेंच. चिपेची उष्णता ८५ अंशांच्या वर गेली तर हप्ते दुप्पट वेगानें द्यावे लागतात, असेंही त्या नियमांत आहे.

पाणी भरण्याचें झालें. आतां पाणी काढण्याचें, म्हणजे वाचण्याचें. येथें रांजण बाजूला ठेवून दप्तराचें कपाट डोळ्यांपुढें आणावें. कपाटांत कप्प्यांच्या रांगा आहेत. एक कागद हवा असला तर त्याचा संपूर्ण कप्पा बाहेर ओढून मेजावर ठेवावा लागतो. मग त्यांतून कागद शोधून द्यावयाचा. आणि दुसऱ्या कप्प्यांतील कागद हवा असल्यास पहिला कप्पा जागच्या जागीं सारून मेज मोकळें करावयाचें. रॅमचें काम अगदीं याच क्रमानें चालतें. तिच्या वेष्टणावर किंवा पट्टीवर १६-१८-१८-३८ अशा ज्या चार संख्या छापलेल्या असतात, त्या या निरनिराळ्या कामांना किती ठोके थांबावयाचें हें सांगतात. पहिली संख्या मागितलेला कागद हातीं पडेपर्यंतच्या ठोक्यांची. दुसरी कप्पा ओढून मेजावर येण्याची. तिसरी कप्पा परत सारून मेज मोकळें करण्याची. चौथी संख्या जरा निराळी आहे. पात्रांतील विजेची मोजणी करतांना पात्र रिकामें होतें, म्हणून वाचलेलें पुन्हां त्यांत ओतावें लागतें. त्यासाठीं कप्पा निदान किती ठोके मेजावर राहिलाच पाहिजे, तें चौथ्या संख्येंत सांगितलेलें असतें. कोणीं ही संख्या फाजील कमी केली तर कप्पा अर्धवट भरलेल्या पात्रांसह आंत जातो. पुढच्या वेळीं त्यांतील एक हा एक म्हणून वाचला जाईल कीं शून्य म्हणून, हें त्या दिवसाच्या उन्हावर अवलंबून!

या संख्यांविषयीं बाजारांत एक गैरसमज फार पसरला आहे, तो असा कीं संख्या लहान ती रॅम चांगली. वस्तुतः त्या संख्या ठोक्यांच्या आहेत, वेळेच्या नव्हेत. ठोका केवढा, हें पाहिल्यावांचून त्यांना अर्थ नाहीं. डी. डी. आर. ४ जातीच्या '३२००' वेगाच्या रॅमचा ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा असतो, आणि नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेथें सोळा ठोके म्हणजे दहा नॅनोसेकंद. '२६६६' च्या रॅमचा ठोका ०.७५ नॅनोसेकंदाचा, तिचे एकोणीस ठोके म्हणजे सव्वाचौदा. उलट वीसएक वर्षांपूर्वींच्या '४००' वेगाच्या रॅमवर अवघा तीन हा आंकडा असे, पण तिचा ठोका पांच नॅनोसेकंदांचा असल्यामुळें कागद हातीं पडण्यास पंधरा लागत. तीन मोठे कीं सोळा मोठे, याचें उत्तर अंकगणितांत एक आणि येथें दुसरेंच आहे. पंचांगांतील भाषेंत बोलावयाचें तर एका विपळांत, म्हणजे सेकंदाच्या दोन पंचमांशांत, दहा नॅनोसेकंदांचे चार कोटि अवधि बसतात. दहा आणि सव्वाचौदा यांतील फरक पत्र लिहितांना, हिशेब मांडतांना किंवा कीर्तन ऐकतांना कोणाही माणसाला कळणें शक्य नाहीं. खेळांत आणि चलच्चित्रांच्या संपादनांत तो थोडाबहुत कळतो.

मग ही घाई येते कोठून? प्रत्येक पट्टीवर मोठ्या चिपांखेरीज एक इवलीशी चिप असते. तींत त्या पट्टीची जणुं जन्मपत्रिकाच लिहिलेली असते: जात कोणती, वेग किती, कोणत्या कामास किती ठोके थांबावें, विजेचा दाब किती असावा. संगणक चालू होतांच मदरबोर्ड प्रथम ही पत्रिका वाचतो आणि त्याप्रमाणें वागतो. तींतील मुख्य मापें 'जेडेक' या संस्थेच्या नियमांना धरून असतात, आणि तीं ठरवितांना थंडीउन्हाळा, चिपेचें वय, कारखान्यांतील उणेंअधिक या सर्वांसाठीं थोडा वेळ राखून ठेवलेला असतो. परंतु पुष्कळ पत्रिकांत आणखी एक पान असतें. इंटेल कंपनीनें २००७ सालीं त्याला 'एक्स्. एम्. पी.' हें नांव दिलें, ए. एम्. डी. कंपनीनें २०२२ सालीं डी. डी. आर. ५ साठीं 'एक्स्पो' या नांवानें तेंच काढलें. या पानावर अधिक वेग, कमी ठोके आणि बहुधा अधिक विजेचा दाब लिहिलेला असतो, डी. डी. आर. ४ मध्यें नेहमींच्या १.२ व्होल्टच्या ठिकाणीं १.३५. वेष्टणावर मोठ्या अक्षरांत छापतात तो वेग या दुसऱ्या पानावरचा.

हें पान खोटें असतें असें मात्र कोणीं समजूं नये. पट्टी तेवढें करूं शकते, हें कारखानदारानें पाहिलेलें असतें. परंतु कपाट, मेज आणि कारकून या तिघांचें जमलें तरच दप्तर चालतें. येथेंही पट्टी, मदरबोर्ड आणि प्रोसेसर अशीं तीन माणसें आहेत. तुमच्या मदरबोर्डावर, तुमच्या प्रोसेसरच्या हाताखालीं, शेजारच्या खांचेंत दुसरी भलतीच पट्टी बसली असतां, मे महिन्याच्या दुपारीं तें होईलच, अशी हमी त्या पानांत नाहीं.

वाशीममधील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत हें प्रत्यक्ष घडलें. घरांतील आजोबा सेवानिवृत्त शिक्षक. त्यांच्यापाशीं घराण्याचें मोडी दप्तर आहे: इनामाचे कागद, वांटणीपत्रें, वंशावळ, कांहीं खासगी पत्रें. दोन वर्षें रोज सकाळीं दोन तास बसून त्यांनीं एकेका कागदाची प्रतिमा स्कॅनरनें संगणकांत उतरविली. त्याच संगणकावर थोरल्या सूनबाई शिकवणीच्या प्रश्नपत्रिका करीत, धाकटे चिरंजीव सोयाबीनचा आणि तुरीचा हिशेब ठेवीत, आणि सुटींत नातू आला कीं रात्रीं त्याचे खेळ चालत. नातू अमरावतीस अभियांत्रिकी शिकतो. मागच्या उन्हाळ्यांत त्यानें एका दुकानांतून आठ जी. बी. ची '३२००' ची नवी पट्टी आणून जुन्या '२६६६' च्या पट्टीशेजारीं बसविली, आणि दोन्ही पट्ट्यांना नव्या पट्टीच्या दुसऱ्या पानावरचीं मापें हातानें लावून दिलीं. यंत्र सुरू झालें. खेळ पूर्वींपेक्षां चांगला चालूं लागला. सर्वांना आनंद झाला.

पंधरा दिवसांनीं दुपारच्या वेळीं पडदा निळा होऊन संगणक आपोआप बंद होऊन सुरू होऊं लागला. सूनबाईंनीं दोष विजेला दिला, कारण त्या भागांत दुपारीं दाब खालींवर होतो हें सर्वश्रुत आहे. धाकट्या चिरंजीवांनीं व्हायरस म्हटला. दुरुस्तीवाल्यानें विंडोज नव्यानें घालून दिली आणि पैसे घेतले. चार दिवस बरें गेलें. मग आजोबांनीं एक जुनी प्रतिमा उघडली, तों वरचा अर्धा कागद स्वच्छ, आणि खालच्या अर्ध्यांतील अक्षरें एका बाजूला सरकून सगळ्यावर निळसर छटा. दुसरी उघडली, ती उघडेचना. पंधरवड्यापूर्वीं सगळें दप्तर एका नव्या डिस्कवर उतरवून जुन्या पेनड्राइव्हवरील प्रती पुसून टाकल्या होत्या. तें उतरवितांना प्रत्येक प्रतिमा रॅममधून गेली होती.

"यंत्र चुकलें तर चुको," आजोबा नातवाला म्हणाले, "पण चुकलें म्हणून सांगत कां नाहीं?"

"आजोबा, त्याला स्वतःलाच कळत नाहीं," नातू म्हणाला.

नातवाचें हें उत्तर अक्षरशः खरें आहे, आणि या साऱ्या विषयांतील भयाचें स्थान तेंच आहे. मोठमोठ्या कार्यालयांतील संगणकांत जी रॅम वापरतात, तींत दर चौसष्ट अंकांमागें आठ अंक अधिक ठेवून त्यांच्या साह्यानें एक चूक दुरुस्त करण्याची आणि दोन चुका ओळखण्याची सोय असते. घरगुती संगणकांत ती बहुधा नसते. डी. डी. आर. ५ च्या चिपांत आंतल्याआंत कांहीं दुरुस्ती होते खरी. पण चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेल्या चुकीला तिचा उपयोग नाहीं. साध्या रॅममध्यें एकाचा शून्य झाला तर तो शून्यच आहे, असें यंत्र मनोभावें मानतें, आणि तसाच डिस्कवर लिहून ठेवतें.

एका अंकानें केवढा घोटाळा होतो, याचें उदाहरण बेल्जममधील आहे. १८ मे २००३ रोजीं तेथील निवडणुकींत ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक या गांवीं एका उमेदवारबाईंना ४,०९६ मतें अधिक मोजलीं गेलीं. आंकडा नियमांत बसण्यासारखा नव्हता म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांत आला. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. अर्थात् उजवीकडून तेरावा अंक शून्याचा एक झाला कीं बेरीज नेमकी तेवढीच वाढते. फेरमोजणींत ती चूक पुन्हां झाली नाहीं, कार्यक्रमांतही दोष सांपडला नाहीं. तेव्हां स्मृतींतील एक अंक आपोआप उलटला असावा, असें अनुमान काढण्यांत आलें. तेथें कोणीं रॅमचा वेग वाढविला होता असें नाहीं. पण अंक उलटल्यावर यंत्राला तें कळत नाहीं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या स्वतःच्या संगणकांतील रॅमही ऑक्टोबर २०२२ मध्यें बिघडली होती, आणि त्यांचाही संशय आधीं कार्यक्रमांवर गेला. मग वाशीमच्या दुरुस्तीवाल्याला किती बोल लावावा!

येथें उन्हाळ्याचा प्रश्न जरा खोलांत जाऊन पाहण्यासारखा आहे. कारण वऱ्हाडांतील प्रत्येक जण म्हणतो कीं उष्म्यानें संगणक बिघडतात, आणि शास्त्रीय पाहणी पाहावी तर ती उलट सांगते. गूगल कंपनी आणि टोरांटो विद्यापीठ यांच्या संशोधकांनीं २००९ सालीं गूगलच्या असंख्य यंत्रांतील रॅमचा अडीच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत वर्षाकाठीं शेंकडा आठांहून अधिक पट्ट्यांत चूक आढळली, हा आंकडा पूर्वींच्या समजुतीपेक्षां पुष्कळच मोठा होता. परंतु उष्णतेचा परिणाम मात्र त्यांना अल्पच दिसला. दोन वर्षांनीं, २०११ सालीं, मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं सुमारें दहा लक्ष घरगुती संगणकांची पाहणी पुढें आणली. तींत नेमलेल्या वेगाच्या वर चालविलेले प्रोसेसर अधिक वेळां कोसळतात, आणि नेमलेल्यापेक्षां किंचित् मंद चालविलेले कमी वेळां कोसळतात, असें निघालें. जें यंत्र एकदां कोसळलें तें पुन्हां कोसळण्याचा संभव कितीतरी पटींनीं वाढतो, असेंही त्यांत होतें.

या दोन पाहण्या शेजारीं ठेवल्या म्हणजे आमच्या मतें कोडें सुटतें. गूगलचीं यंत्रें नेमल्या मापांनीं चालत. त्यांत ऊनपावसासाठीं राखून ठेवलेला वेळ शिल्लक होता, म्हणून उष्णतेचें फारसें चाललें नाहीं. ज्यानें तो राखीव वेळ आधींच खर्चून टाकला, त्याला मात्र चाळीस अंशांच्या वरची दुपार सोसत नाहीं. उष्मा हा दोष उघडकीस आणतो एवढेंच. वाशीमच्या त्या घरांत डिसेंबरांत पट्टी बसविली असती, तर मार्चपर्यंत कोणाला कांहीं कळलें नसतें, आणि तोंवर आणखी किती पानें बिघडलीं असतीं कोण जाणे.

नातवानें पुढें जें केलें तें मात्र वाखाणण्यासारखें होतें. प्रथम त्यानें संगणकावरील सर्वांचें काम थांबविलें, कारण बिघडलेल्या रॅमवर जितकें काम करावें तितकी नासाडी वाढते. मग दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर रॅम तपासण्याचा कार्यक्रम घेतला. 'मेमटेस्ट८६' हा या कामाचा जुना आणि विश्वासू कार्यक्रम. क्रिस ब्रॅडी यांनीं तो १९९४ सालीं रचला, आणि त्याची 'मेमटेस्ट८६+' ही भावकी फुकट मिळते. विंडोज सुरू होण्याच्या आधींच हा चालतो, आणि प्रत्येक पात्रांत निरनिराळे नमुने लिहून परत वाचून पाहतो. अर्ध्या तासाच्या आंत पडद्यावर तांबड्या ओळी उमटल्या.

दोषी कोण, हें ठरविण्यासाठीं त्यानें एकेक पट्टी एकटीच ठेवून पाहिली. जुनी पट्टी आपल्या २६६६ वर रात्रभर निर्दोष. नवी पट्टी ३२०० वरही निर्दोष. दोघींत कोणीच वाईट नव्हती! औताला एक म्हातारा आणि एक तरणा बैल जुंपला तर चाल म्हाताऱ्याची धरावी लागते, हें शेतकऱ्याच्या पोराला सांगावें लागत नाहीं. येथें तरण्याची चाल म्हाताऱ्यावर लादली गेली होती.

पुढें मापें बदलण्याचें काम. संगणक सुरू होतांना डिलीट ही कळ दाबीत राहिलें म्हणजे बहुतेक मदरबोर्डांवर 'बायॉस' उघडतो. तेथें त्यानें दुसरें पान बंद केलें, वेग २६६६ केला, ठोके १९-१९-१९-४३ असे स्वतः लिहिले आणि दाब १.२ व्होल्टवर आणला. हीं जुन्या पट्टीच्या पत्रिकेंतील मुख्य मापें. तपासणीचे चार फेरे झाले. एकही तांबडी ओळ नाहीं. तरुणाला मोह आवरत नाहीं. त्यानें २९३३ वेग आणि २१-२१-२१-४७ ठोके घेऊन पाहिले. रात्रभर स्वच्छ. पण आजोबांनीं दुपारीं तीन वाजतां, पंखा बंद असतांना, तीच तपासणी पुन्हां करावयास लावली, आणि दोन ओळी उमटल्या. दोनच! रात्रींच्या तपासणीवर विसंबून राहते तर त्या दोन ओळींनीं पुढें काय खाल्लें असतें, हें सांगवत नाहीं. यंत्र परत २६६६ वर आलें, आणि तेथेंच दुपारचीही तपासणी निर्वेध पार पडली. आमच्याकडे ज्या कोणाला ही तपासणी करावयाची असेल, त्यानें ती उन्हाच्या वेळींच करावी.

एका वेळीं एकच माप बदलावें, आणि प्रत्येक बदलानंतर तपासणी करावी. चार मापें एकदम बदललीं तर गुण कशाचा आणि दोष कशाचा हें कळत नाहीं. वेग कमी करणें किंवा ठोके वाढविणें यांत यंत्राला अपाय नाहीं. विजेचा दाब वाढविण्याच्या वाटेला मात्र घरगुती माणसानें जाऊं नये. त्यानें चूक झांकली जाते, पण चिप आणि प्रोसेसर यांवर ताण पडतो. मापें न जुळल्यानें संगणक सुरूच झाला नाहीं तर घाबरण्याचें कारण नाहीं. पुष्कळ मदरबोर्ड दोनतीन प्रयत्न फसल्यावर स्वतःच मूळ मापांवर येतात; न आले तर वीज काढून, बोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून परत बसवावी. लॅपटॉपमध्यें बहुधा हीं मापें बदलण्याची सोयच ठेवलेली नसते. तेथें तपासणींत ओळी उमटल्या तर पट्टी बदलणें, आणि ती बोर्डाला झाळलेली असेल तर बोर्ड बदलणें, एवढेंच हातीं राहतें.

दप्तराचें काय झालें, हें वाचकांना जाणावेंसें वाटेल. सहाशेंवर प्रतिमांपैकीं एकोणीस बिघडल्या होत्या. एकेक उघडून पाहण्यास घरांतील सर्वांना मिळून पांच दिवस लागले. सूनबाईंना मोडी येत नाहीं, तरी रंग बिघडलेला त्यांनाच सर्वांत आधीं दिसे. सोळा कागद पुन्हां स्कॅन झाले. उरलेले तीन इतके जीर्ण होते कीं घडी उलगडतांनाच तुटूं लागले, म्हणून आजोबांनीं ते तसेच परत रुमालांत बांधून ठेवले. त्यांपैकीं एक १८ व्या शतकांतील वांटणीपत्राचें शेवटचें पान आहे, आणि साक्षीदारांचीं नांवें त्यावरच होतीं. तीं आतां त्या निळसर, सरकलेल्या प्रतिमेंत जेवढीं लागतील तेवढींच.

आणखी एक बारीकशी गोष्ट. मदरबोर्डावरील बॅटरी कांहीं वर्षांनीं संपते, आणि मग हातानें लावलेलीं मापें पुसून यंत्र आपल्या मनाप्रमाणें नवीं धरतें. म्हणून त्या घरांत वेग, चार ठोके, दाब आणि तपासणीची तारीख हीं एका कागदावर शाईनें लिहून संगणकाच्या पत्र्याला आंतल्या बाजूनें चिकटविलीं आहेत. अक्षर आजोबांचें आहे. आंकडे नातवानें सांगितले.